हायकोर्टाला कुलूप

बुधवार, २५ जून १९७५. सकाळ

त्या सकाळी देशात आणीबाणी होतीच. वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल, पण चूक नाही. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला आणि त्याच रात्री परकीय आक्रमणाच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. युद्ध १३ दिवसांत आटोपलं, ढाक्यात शरणागती झाली, सिमल्याचा करारही झाला. जाहीरनामा मागे घ्यायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं की राहू दिलं, हा ज्याचा त्याने विचार करावा.

याचा अर्थ काय होता? घटनेचं ३५८ वं कलम तेव्हा असं होतं की आणीबाणी चालू असेपर्यंत कलम १९ सरकारच्या आड येत नाही. बोलणं, जमणं, संघटना करणं, देशभर हिंडणं, हवा तो धंदा करणं ही सारी स्वातंत्र्यं त्या एका कलमात आहेत. साडेतीन वर्षं लोक सभा घेत होते, मोर्चे काढत होते, अग्रलेख लिहीत होते. घरात राहत होते, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता.

आणखी एक गोष्ट आदल्या हिवाळ्यात घडून गेली होती. १९७४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपतींनी ३५९ व्या कलमाखाली एक आदेश काढला: तस्करीच्या आरोपावरून स्थानबद्ध केलेल्यांना मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही. मुंबईत तेव्हा हाजी मस्तानसारखी नावं गाजत होती. तस्करांना आत टाकलं म्हणून कुणाला दुःख व्हायचं कारण नव्हतं आणि ते झालंही नाही. पण हत्यार चालतं का याची चाचणी तिथेच झाली. नावडत्या माणसावर चाललेलं हत्यार म्यानात परत गेल्याचं मला तरी आठवत नाही.

सकाळीच पंतप्रधानांच्या घरून, १, सफदरजंग रोडवरून निरोप गेला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर रे दिल्लीत होते, त्यांना बोलावणं आलं. रे बॅरिस्टर, देशबंधू चित्तरंजन दासांच्या मुलीचे चिरंजीव. अलिपूर बॉम्ब खटल्यात अरविंद घोषांचा बचाव करणारे ते दास. नातवाला काय काम मिळणार आहे, हे सकाळी त्यालाही माहीत नसावं.

पंतप्रधान इंदिरा गांधी अस्वस्थ होत्या, याला कारणं होती. १२ जूनला अलाहाबाद हायकोर्टाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी त्यांची रायबरेलीची १९७१ ची निवडणूक रद्द केली होती. १,११,८१० मतांनी जिंकलेली निवडणूक. सरकारी सेवेतल्या यशपाल कपूर यांचा प्रचारासाठी वापर, आणि सभांची व्यासपीठं उभारायला उत्तर प्रदेशच्या सरकारी यंत्रणेची मदत, ही दोन कारणं. शिक्षा मात्र सहा वर्षांच्या अपात्रतेची. २४ जूनला सुप्रीम कोर्टाच्या सुट्टीतल्या न्यायपीठावर एकटे बसलेले न्या. कृष्ण अय्यर यांनी स्थगिती दिली, पण सशर्त: पंतप्रधान राहता येईल, सभागृहात बोलता येईल, खासदार म्हणून मत देता येणार नाही.

रे यांनी पुढे, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे आणि इतरत्र, जे सांगितलं त्यावरून सकाळचं बोलणं कळतं. गुप्तवार्तांचे अहवाल वाचून दाखवले गेले. देशाला जोराचा धक्का द्यायला हवा, जन्मलेलं मूल रडलं नाही तर त्याला हलवतात तसा, असं पंतप्रधान म्हणाल्या. रे यांनी विचाराला वेळ मागितला.

दुपार

बॅरिस्टर घटना चाळत बसले. शोध फार लांबचा नव्हता. ३५२ व्या कलमात तीन कारणं होती: युद्ध, परकीय आक्रमण आणि 'अंतर्गत अशांतता'. तिसरं कारण आजवर कुणी वापरलं नव्हतं. अशांतता म्हणजे किती? मोर्चा? संप? विद्यार्थ्यांनी फोडलेली बस? कलम काहीच सांगत नव्हतं. ज्या शब्दाला मोजमाप नाही तो शब्द कायद्यात ठेवला की तो शेवटी वापरणाऱ्याच्या मापाचा होतो.

घटना समितीत हे कुणी बोललं नव्हतं असं नाही. हरी विष्णू कामत आयसीएस सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये आणीबाणीच्या तरतुदींवर ते तुटून पडले. जर्मनीच्या वायमार घटनेतल्या अशाच कलमाच्या दारातून हिटलर आला, हे त्यांनी सभागृहाला ऐकवलं. आणि कोर्टात जायचा हक्क स्थगित करणारी तरतूद मंजूर झाली तो दिवस त्यांनी शरमेचा आणि दुःखाचा म्हटला. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ ला ज्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं, ते हेच: हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावण्याचं. आज ते कलम ३२ आहे. त्याच घटनेत, त्याच मसुदा समितीच्या हातून, ते दार काही काळ लावून घेण्याचं ३५९ वं कलमही आलं. फाळणीचा रक्तपात, हैदराबाद, काश्मीर हे सगळं डोळ्यांपुढे असलेल्या माणसांनी ते लिहिलं होतं, हे मान्य. तरीही आत्मा आणि आत्म्याला गुंगी देण्याचं औषध एकाच कपाटात ठेवलं गेलं होतं.

पाचच्या सुमाराला रे परतले. कलम ३५२, म्हणाले.

संध्याकाळी साडेपाच

दोघं राष्ट्रपती भवनात गेले. फखरुद्दीन अली अहमद यांनी ऐकून घेतलं आणि शिफारस पाठवा म्हणाले. याच सुमाराला, किंवा त्याआधीच, काही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना तयारीचे निरोप पोहोचलेले होते. दिल्लीत याद्या बनत होत्या. कुणाला उचलायचं हे ठरत होतं. कोणत्या कारणाने, हे नंतर लिहिता येणार होतं. जाहीरनामा अजून टाइपही झाला नव्हता.

संध्याकाळ, रामलीला मैदान

इकडे विरोधकांच्या सभेला गर्दी लोटली होती. व्यासपीठावर मोरारजी देसाई, नानाजी देशमुख, राजनारायण. आणि मधोमध ७२ वर्षांचे जयप्रकाश नारायण, सगळ्यांचे जेपी. २९ जूनपासून देशभर सत्याग्रह जाहीर झाला. लष्कराने, पोलिसांनी बेकायदा हुकूम पाळू नयेत, असं जेपी बोलले. हे ते पहिल्यांदाच बोलत नव्हते. पण याच वाक्याचं दुसऱ्या दिवशी कारण केलं गेलं. आता शांतपणे वाचलं तर त्यात 'बेकायदा' हा शब्द आहे, आणि बेकायदा हुकूम पाळायला शिपाई तसाही बांधील नसतो. तरी जेपींनी हे जाहीर सभेत बोलायला नको होतं, असं मानणारे तेव्हाही होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सरकारी नोकराने हुकूम कायदेशीर आहे का हे मैदानावर ठरवायचं नसतं. कुठे ठरवायचं असतं? कोर्टात. दोन दिवसांनी नेमकं तेच ठिकाण बंद होणार होतं.

सभा संपली. जेपी दीनदयाळ उपाध्याय मार्गावरच्या गांधी शांती प्रतिष्ठानात मुक्कामाला गेले. पहाटे पाटण्याचं विमान होतं.

रात्री साडेदहा ते बारा

हा दीड तास सावकाश बघण्यासारखा आहे, कारण यात एका माणसाने हरकत घेतली.

गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना पंतप्रधानांच्या घरी बोलावून सांगण्यात आलं. मंत्रिमंडळातल्या बाकी कुणाला पत्ता नव्हता. यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री होते. कायदा खातं ह. रा. गोखले यांच्याकडे होतं, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती. देशाची घटना जवळपास मिटवून ठेवायची होती आणि कायदामंत्र्याचा सल्ला कुणाला लागला नाही.

राष्ट्रपतींना पंतप्रधानांचं पत्र गेलं. अंतर्गत अशांततेमुळे भारताच्या सुरक्षेला निकटचा धोका आहे, हे त्यात होतं. विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, असंही होतं. म्हणून सरकारी कामकाजाच्या नियमांतला बारावा नियम वापरला गेला. अडचणीच्या वेळी पंतप्रधानांना नियम बाजूला ठेवता येतात. लक्षात ठेवा: आज रात्री शक्य नाही.

राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांना रात्री बोलावण्यात आलं. त्यांनी पत्र वाचलं आणि अडले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. इथे मंत्रिमंडळाचा सल्लाच नाही, आणि धोक्याबद्दलची खात्री मात्र राष्ट्रपतींची धरलेली आहे. अशा पत्रावर सही करणं घटनेत बसत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांची स्वतःची साक्ष अशी की राष्ट्रपतींनी मग पंतप्रधानांना फोन लावला, बालचंद्रन बाहेर गेले, दहाएक मिनिटांनी परत आले. तेवढ्यात पंतप्रधानांचे सहायक आर. के. धवन मसुदा घेऊन येऊन गेले होते आणि सही झाली होती.

दहा मिनिटं. सबंध रात्रीत जाहीरनाम्याला हरकत घेणारा कागदोपत्री सापडतो तो हा एक सचिव, आणि त्याची हरकत खोलीबाहेर असताना निकालात निघाली. त्या डिसेंबरात अबू अब्राहम यांनी एक व्यंगचित्र काढलं: राष्ट्रपती न्हाणीतल्या टबात बसून वटहुकमावर सही करताहेत आणि आणखी काही असतील तर थांबायला सांगताहेत. सेन्सॉरच्या हातून ते कसं सुटलं, कोण जाणे.

मध्यरात्रीनंतर

सही झाली तरी १, सफदरजंग रोडवर दिवे जळत होते. रेडिओवरच्या भाषणाचा मसुदा चालला होता. रे निघायच्या बेतात असताना गृहखात्याचे राज्यमंत्री ओम मेहता यांच्याकडून त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, वर्तमानपत्रांची वीज तोडायची आहे. दुसरी, उद्या हायकोर्टांना कुलूप घालायचं आहे.

आणीबाणीचा सल्ला देणारा बॅरिस्टर कुलपापाशी चमकला. हे होऊ शकत नाही, असं म्हणून ते पंतप्रधानांना भेटायला अडून बसले. मधल्या वेळात पंतप्रधानांचे चिरंजीव संजय गांधी यांच्याशी त्यांची खडाजंगी झाली. राज्य कसं चालवायचं ते तुम्हाला कळत नाही, असं संजय म्हणाले. हे सगळं रे यांनीच पुढे सांगितलेलं. शेवटी पंतप्रधान बाहेर आल्या आणि कोर्टं बंद होणार नाहीत, असा शब्द मिळाला.

मला ही कथा वर्षानुवर्षं एखाद्या सुटकेसारखी वाटत आली होती. निदान एवढं तरी वाचलं. आता तसं वाटत नाही. कुलूप घातलं असतं तर सकाळी वकील काळ्या कोटात फाटकाबाहेर उभे राहिले असते, फोटो निघाले असते, परदेशी वार्ताहर आले असते. कुलूप दिसतं. ज्यांना कायदा कळत नव्हता त्यांनी कुलूप सुचवलं. ज्यांना कळत होता त्यांना त्याची गरजच नव्हती.

रात्री दोन

वीज मात्र गेली. बहादूरशाह जफर मार्गावर दिल्लीतली बरीच वर्तमानपत्रं एका रांगेत छापली जात. छपाईयंत्रं थांबली. 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' यांची कचेरी नवी दिल्लीत, त्यांची वीज नगरपालिकेची, दुसऱ्या खात्याची. ती तोडायची राहिली आणि ते अंक निघाले. हुकूमशाहीलाही वीजमंडळांच्या हद्दी आडव्या येतात.

इथे एक बारकावा. वीज तोडायला कोणता कायदा लावला होता? कोणताच नाही. सेन्सॉरशिपचा हुकूम अजून यायचा होता. तोंडी निरोप वरून खाली आला आणि बटण बंद झालं, इतकंच.

पहाटे तीनच्या आसपास

गांधी शांती प्रतिष्ठानात पोलीस आले. जेपी झोपले होते. त्यांना उठवायला थोडा वेळ घेतला गेला, म्हातारा माणूस दमून झोपला आहे म्हणून. त्यांना संसद मार्ग पोलीस ठाण्यात नेलं. चंद्रशेखर, सत्ताधारी काँग्रेसच्या कार्यकारिणीतले, बातमी कळताच तिथे धावले आणि तेही अडकले. ठाण्यात जेपी तीनच शब्द बोलले ते सगळ्यांना पाठ आहेत: विनाशकाले विपरीत बुद्धी. मोरारजींनाही घरून उचललं. दोघांना हरियाणात सोहन्याला हलवलं.

हे सारं 'मिसा'खाली, १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली. दिल्लीत त्या रात्री स्थानबद्धतेचे हुकूम सायक्लोस्टाइल केलेल्या नमुन्यावर निघाले आणि अनेकांची कारणं नंतर बसून तयार केली गेली, हे शाह आयोगात उघड झालं. आता जरा थांबून हिशेब करू. पहाटे तीन वाजता जयप्रकाश नारायण या एका नागरिकाजवळ काय उरलं होतं? कलम १९ नव्हतं, ते १९७१ पासूनच नव्हतं. पण कलम २१ होतं: कायद्याने ठरवलेल्या रीतीखेरीज कुणाचं जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही. कलम २२ होतं: का धरलं ते सांगा. मिसातही कारणं ठरावीक दिवसांत कळवण्याची अट होती. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हेबियस कॉर्पस. 'हा माणूस कोर्टापुढे हजर करा आणि कोणत्या कायद्याने धरला ते सांगा', एवढीच मागणी. आणीबाणी पुकारली म्हणून ती आपोआप जात नाही. सकाळी एखाद्या वकिलाने अर्ज ठोकला असता तर न्यायाधीशाला तो कोरा नमुना मागवून बघता आला असता.

गुरुवार, २६ जून. सकाळी सहा

मंत्र्यांना पाचच्या सुमारास फोन गेले आणि सहाला बैठक बसली. रात्री शक्य नव्हतं ते तासाभरात शक्य झालं. सगळे मंत्री दोन-चार मैलांच्या परिसरातले. बैठक अर्ध्या तासाच्या आतबाहेर आटोपली. लागू होऊन गेलेल्या गोष्टीला मंजुरी द्यायची होती. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग यांनी एक प्रश्न केल्याचं सांगितलं जातं: ही धरपकड कोणत्या कायद्याखाली? उत्तर मिळालं आणि विषय पुढे गेला. राजीनामा कुणी दिला नाही. ज्यांनी तुरुंग पाहिला होता, जे बेचाळीसमध्ये भूमिगत राहिले होते, अशांचं ते मंत्रिमंडळ.

सकाळी आठ

आकाशवाणीवर पंतप्रधान बोलल्या. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. चहा पीत लोकांनी ऐकलं. बऱ्याच जणांना 'आणीबाणी' हा शब्द नीटसा उमगला नाही, कारण ती आधीपासून चालूच होती.

बंगळुरूत पक्षांतराच्या विधेयकावरच्या संसदीय समितीसाठी खासदार जमलेले. त्यात अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले राजापूरचे मधू दंडवते. समितीच्या बैठकीऐवजी चौघं तुरुंगात गेले. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुढे येरवड्यात. नवराबायकोचा संसार दोन कारागृहांतल्या पत्रांवर चालला.

त्याच दिवशी मुंबईचे नानी पालखीवाला यांनी इंदिरा गांधींचं वकीलपत्र परत केलं. तीन दिवसांपूर्वीच ते कृष्ण अय्यरांपुढे त्यांच्या बाजूने उभे होते. हक्क कागदावरून पुसले जात असताना एका वकिलाच्या हातात उरला होता तो एवढाच हक्क: नाही म्हणण्याचा. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत दोन दिवसांनी एक निधनवार्ता छापून आली, डी. ई. एम. ओ'क्रसी यांची. सत्याचे पती, स्वातंत्र्याचे वडील वगैरे. जाहिरात खिडकीवरच्या कारकुनाने पैसे मोजून घेतले असणार. मृत्यूची तारीख २६ जून दिली होती.

मला वाटतं, विनोद करणाऱ्याची तारीख एका दिवसाने चुकली.

शुक्रवार, २७ जून

रात्रीचं नाट्य नाही, धडकणाऱ्या जीपा नाहीत, कुणाची झोपमोड नाही. दिवसाउजेडी राजपत्रात एक आदेश आला. कलम ३५९ खाली. कलम १४, २१ आणि २२ यांनी दिलेल्या हक्कांसाठी कोणत्याही व्यक्तीला, परकीय नागरिकांसह, कोर्टात जाण्याचा अधिकार स्थगित. अशा हक्कांसाठी कोर्टात चालू असलेली कामंही स्थगित. १९७१ ची आणि १९७५ ची, दोन्ही आणीबाण्या जोवर अमलात आहेत तोवर.

जुनी आणीबाणी इथे पुन्हा दिसते, कपाटातून काढलेल्या कोटासारखी.

भाषा नीट पाहा. हक्क रद्द झाला, असं कुठे म्हटलेलं नाही. तुमचं स्वातंत्र्य तुमचंच आहे; ते कुणी हिसकावलं तर विचारायला जायची जागा तेवढी नाही. कुलूप घातलं ते कोर्टाच्या फाटकाला नाही, माणसाच्या पायाला. फाटक उघडंच राहिलं. शिपाई घंटी देत होते, न्यायाधीश साडेदहाला बसत होते, जमिनीचे दावे, भाडेकरूंचे खटले, सगळं चालू होतं. ज्या रात्री रे यांनी कुलपाला विरोध केला तिच्यानंतर दोन दिवस उलटायच्या आत कुलपाचं काम एका परिच्छेदाने केलं.

२९ जूनला वटहुकमाने मिसात १६-अ कलम घुसवलं: स्थानबद्ध केलेल्याला कारण कळवायचीही गरज नाही. ऑगस्टपर्यंत ३८ वी आणि ३९ वी घटनादुरुस्ती होऊन आणीबाणीचा निर्णय आणि पंतप्रधानांची निवडणूक, दोन्ही कोर्टाच्या आवाक्याबाहेर गेली.

त्यानंतर

अर्ज तरीही झाले. मिसाबंद्यांच्या घरच्यांनी हायकोर्टांत हेबियस कॉर्पसचे अर्ज टाकले आणि आश्चर्य म्हणजे नऊ हायकोर्टांनी ते ऐकले. त्यात मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: मूलभूत हक्क मागता येत नसेल, पण सरकारने निदान स्वतः केलेला मिसा कायदा पाळला की नाही, हे तर बघता येईल? सरकार अपिलात सुप्रीम कोर्टात गेलं. जबलपूरच्या शिवकांत शुक्लांचं प्रकरण पुढे होतं, म्हणून इतिहासात खटल्याला जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचं नाव मिळालं.

१९७५ च्या डिसेंबरात सुनावणी चालू असताना न्या. हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं: कलम २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. तुमचा युक्तिवाद तिथेही लागू पडतो का? डे यांनी उत्तर दिलं की जीव बेकायदा घेतला गेला तरी कोर्ट काही करू शकत नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस युक्तिवाद संपले, निकाल राखून ठेवला. २८ एप्रिल १९७६ ला तो लागला: चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश ए. एन. रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती एका बाजूला. नऊ हायकोर्टांचे निकाल एका फटक्यात गेले. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतं, असं बेग यांनी लिहिलं. मराठी माणसाला चंद्रचूडांचं नाव या यादीत वाचताना खटकतं, खटकायलाच हवं. ४१ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवणारं मुख्य निकालपत्र लिहिलं ते धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांचा निकाल मुलाने उलटवला. १९७६ ला एकटे पडले होते खन्ना. आपल्या विरोधी निकालपत्राची किंमत सरन्यायाधीशपद आहे, असं त्यांनी बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

शाह आयोगाच्या हिशेबाने या काळात ३४,९८८ माणसं मिसाखाली होती. पुढे ४४ व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र उठाव' घातला, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची केली आणि कलम २० व २१ ला ३५९ च्या आवाक्यातून बाहेर काढलं. बालचंद्रन यांनी त्या रात्री काढलेला मुद्दा घटनेत यायला जवळजवळ चार वर्षं लागली.

पण निरेन डे यांच्या उत्तराकडे परत यायला हवं, कारण ते उत्तर कोर्टाच्या दालनातच राहिलं नाही. १ मार्च १९७६ ला, सुप्रीम कोर्टात निकाल राखून ठेवलेला असताना, केरळात कालिकतच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या वसतिगृहातून पोलिसांनी राजन नावाच्या विद्यार्थ्याला उचललं. वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. ते कक्कयमच्या पोलीस छावणीत गेले, मंत्र्यांकडे गेले, अर्ज केले. कोर्टात जाऊन उपयोग नव्हता.

२१ मार्च १९७७ ला १९७५ ची आणीबाणी उठली. १९७१ ची, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली, २७ मार्चला मोरारजींच्या सरकारने उठवली. कलम १९ त्या दिवशी परत आलं, पाच वर्षं आणि जवळजवळ चार महिन्यांनी. या दोन तारखांच्या मध्ये, २५ मार्चला, वारियर यांनी केरळ हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज दिला. माझा मुलगा कुठे आहे?

राज्य सरकारने प्रतिज्ञापत्रावर उत्तर दिलं की हा मुलगा आमच्या ताब्यात कधी नव्हताच.